जुळ्याचं कातडं

“माझं घ्या,” मी म्हणाले.

डॉक्टर अंकलीकरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्या खांद्यावरून मागं, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या दिराकडे पाहत होते. दिराच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या आणि हात समोर धरून ते तसेच उभे होते.

“तुम्ही जुळे?” डॉक्टरांनी विचारलं.

“व्हय.”

“आतल्या माणसाचं तोंड आणि तुमचं तोंड एकच आहे. तरी जुळे दोन तऱ्हेचे असतात. आई कुठंय तुमची?”

माझी सासू जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती पदर सावरत उठली. “एकाच वारंत हुती दोगंबी. सुईण म्हणली, एकच बी फुटून दोन झाल्यात.”

डॉक्टरांचा चेहरा एकदम उजळला. दोन दिवसांत तो मी पहिल्यांदाच तसा पाहिला.

“डॉक्टर, मी बायको आहे त्यांची,” मी पुढं होऊन म्हणाले. “कातडं लागणार असलं तर माझं घ्या.”

“बायकोचं चालत नाही बाई,” ते म्हणाले आणि भावजींच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खोलीत घेऊन गेले.

मी मिरजेच्या दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात उभीच राहिले. बायकोचं चालत नाही.

एरवी मी माझ्या नवऱ्याचं नाव घेत नाही. पण इथं नुसतं ‘हे’ आणि ‘ते’ म्हटलं तर दोघांतला कोण ते कळायचं नाही, म्हणून घेते. नवऱ्याचं नाव ज्योतीराम, दिराचं केदार. जोतिबाच्याच दोन नावांवरून ठेवलेली. आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, आणि घरचं गुऱ्हाळ. दोघेही गुळवे, म्हणजे रस किती शिजला, गूळ कधी झाला हे ठरवणारे. रस उकळायच्या काहिलीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा उभा राहायचा. एकानं नुसती मान हलवली की दुसरा समोरून जाळ कमी करायला सांगायचा. बोलायची गरजच पडायची नाही.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. नवीन असताना पाठमोरा माणूस माझा की दीर, ते मला कळायचं नाही. पुढं कळायला लागलं. जे मात्र कळायचं नाही ते दुसरंच होतं. जेवताना ज्योतीराम भाकरी मोडायचे आणि अर्धी न बघता शेजारच्या ताटात टाकायचे. भिंतीपलीकडं भावजी खोकले की हे अलीकडून खाकरायचे, जणू कुणी हाक मारली म्हणून ओ दिली. तासभर दोघं ओट्यावर बसून यायचे आणि मी विचारलं, “काय बोलत होता?” तर म्हणायचे, “काय न्हाई की.” आणि खरंच काही बोललेले नसायचे. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. नुसतं गप्प बसून माणसाचं पोट कसं भरतं, ह्याचाच मला राग यायचा.

अपघात झाला तेव्हा मी खोपीत भाकऱ्या थापत होते. गूळ तयार झाला होता आणि काहील चुलवाणावरून उचलून गूळ गार करायच्या वाफ्यात ओतायची होती. चार माणसं दांड्यांना धरून होती. रसावरची मळी जमिनीवर सांडलेली, तिच्यावरून एकाचा पाय सरकला आणि काहील ज्योतीरामांच्या बाजूला कलली. उकळतं पाणी अंगावर पडलं तर निदान ओघळून जातं. गूळ जात नाही, तो चिकटून बसतो. मी पळत बाहेर आले तर छातीपासून गुडघ्यापर्यंत ते पिवळेधमक झाले होते आणि भावजी दोन्ही हातांनी तो गूळ खरवडत होते. ओरडत होते ते भावजी. माझा नवरा मुकाट पडला होता.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेताना मी ज्योतीरामांच्या डोक्याशी बसले होते. “लई दुखतंय का?” मी विचारलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “छातीला तर कायच न्हाई. थंडी वाजालीया तेवढी.”

मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्या ट्रॉलीला ओरडून सांगितलं, दुखत नाही म्हणतायत. डॉक्टर अंकलीकरांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी छातीवर टाचणी टोचून पाहिली. मग भावजींच्या हातांकडं पाहिलं, तिथं टरारून फोड आले होते आणि वारा लागला तरी भावजी कळवळत होते.

“हा ओरडतोय ना, हा बरा आहे,” डॉक्टर म्हणाले. “ह्याचा वरचा थर भाजलाय. वरचा थर गेला तर खालून पुन्हा येतो. खालच्या थरात केसांची मुळं असतात, घामाच्या पिशव्या असतात, दुखणं कळवणाऱ्या नसा असतात. तुमच्या माणसाचा तो थरच शिजून गेलाय. कळायला नसा उरल्या नाहीत, म्हणून दुखत नाही. आणि मुळं उरली नाहीत, म्हणून तिथं आता कातडं आपण होऊन उगवणार नाही.”

ज्योतीरामांना एका बंद खोलीत ठेवलं होतं. खोलीत शेगडी, बाहेर ऊन, आणि तरी ते कुडकुडायचे. नळीतून बाटल्यांवर बाटल्या पाणी जायचं आणि पुन्हा सगळं पट्ट्यांतून झिरपून गादीवर यायचं. मी एकदा डॉक्टरांना विचारलं की एवढं पाणी जातं कुठं. ते म्हणाले, “माणूस म्हणजे पाण्याची पखाल. कातडं आहे म्हणून पाणी आत राहतं, ऊब आत राहते आणि रोगाचे जंतू बाहेर राहतात. ह्याच्या पखालीला पुढून कातडंच नाही. जळालेलं सुटून निघालं की मला ती जागा झाकायला पाहिजे. नाही झाकली तर हा जाणार.”

झाकायला काय, तर दुसरं कातडं. मांड्यांवर लावायला त्यांच्याच पोटऱ्यांचं निघणार होतं. छाती-पोटासाठी पाठीचं काढलं असतं, तर माणूस निजवायचा कसा? तेव्हाच मी म्हणाले, माझं घ्या. आणि तेव्हाच ते, बायकोचं चालत नाही.

मी त्यांचा पिच्छा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारात त्यांना अडवलं. “का चालत नाही ते सांगा.”

“शरीर परकं कातडं ओळखतं,” ते म्हणाले. “आधी घेतं. आठ-दहा दिवस चांगलं गुलाबी दिसतं. मग ओळखतं आणि टाकून देतं.”

“मी परकी नाही.”

ते थोडे नरमले. “तुम्ही नाही. तुमचं कातडं परकं. आईचंसुद्धा परकंच ठरतं. फक्त एका बीजाच्या जुळ्याचं त्याला स्वतःचं वाटतं.”

“बघितल्याशिवाय कसं सांगता? माझा तुकडा लावून बघा.”

डॉक्टरांना तशीही एक परीक्षा करायचीच होती. सुईणीच्या शब्दावर एवढं मोठं काम त्यांना करायचं नव्हतं. भावजींच्या मांडीचा एक तुकडा लावून तो टिकतो का पाहायचं ठरलं होतं. माझ्या हट्टापायी म्हणा किंवा ताडून बघायला बरं म्हणून म्हणा, त्यांनी माझाही घेतला. पोस्टाच्या तिकिटाएवढा, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. ज्योतीरामांच्या डाव्या दंडावर दोन जागा करून दोन्ही तुकडे शेजारी शेजारी लावले. खालचा माझा.

पट्टी सोडायची वेळ मी कधी चुकवली नाही. पहिल्यांदा दोन्ही फिकट होते, मेल्यासारखे. मग भावजींचा गुलाबी झाला. आणि मग माझाही झाला! दाबला की पांढरा व्हायचा, सोडला की पुन्हा लाल. त्यांचं रक्त माझ्या कातड्यात फिरत होतं. मी सासूला ओढत आणून दाखवलं. “आत्याबाई, बघा, धरलाय.”

भावजी खिडकीशी उभे होते. “धरलाय की,” ते म्हणाले, पण जवळ आले नाहीत.

त्या दिवशी मला ते उभे होते ती खिडकीसुद्धा माझी वाटली.

पुढच्या आठवड्यात माझा तुकडा फुगला. कडेनं जांभळा झाला. मग एकदा पट्टी सोडली तर तो काळा खरखरीत खपलीसारखा होता, आणि त्याच्या वरती, बोटाच्या अंतरावर, भावजींचा तुकडा असा बसला होता की कडा शोधावी लागत होती. माझ्याच नवऱ्याचा दंड, आणि तो माझं काढून टाकत होता. ज्योतीराम अर्धवट गुंगीत होते. त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी मला त्यांना गदागदा हलवून विचारावंसं वाटलं, मी काय केलं होतं तुमचं?

सासू म्हणाली, “असू दे शालन. कुनाचं का हुईना, पोरगा वाचतोय न्हवं?” भावजींनी खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, माझ्यासाठी ह्यांना वाईट वाटतंय. तेही मला नको होतं.

खरं कातडं लावायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघांना बसवून समजावलं. भावजींच्या मांड्यांवरून फक्त वरचा पापुद्रा काढणार. खाली केसांची मुळं राहतील, त्यांतून त्यांचं पुन्हा भरून येईल. पण छाती केवढी आणि मांडीवरचा पापुद्रा केवढा! म्हणून त्याला यंत्रातून बारीक चिरा पाडून ताणायचं, की त्याची जाळी होते, मासे धरायच्या जाळ्यासारखी. ती छातीवर अंथरायची. मग जाळीच्या दोऱ्या कडेनं वाढत जातात आणि भोकं बुजतात.

“पण भोकं बुजेपर्यंत ती उघडी,” डॉक्टर म्हणाले. “सुकली तर सगळं वाया. वरून झाकण पाहिजे. नुसत्या पट्टीपेक्षा जिवंत कातड्याचं झाकण चांगलं.”

“माझं घ्या,” मी म्हणाले.

“तुमचं राहणार नाही. दंडावर पाहिलंत तुम्ही.”

“तोवर तरी राहील ना?”

“तोवर राहील.”

“मग घ्या.”

सासूनं माझा हात धरला. “पोरी, ऱ्हाणार न्हाई म्हणत्यात तर कशाला सोलून घेतीस? अंगावर डाग पडंल. आजून लेकरूबाळ व्हायचंय.”

“पडू दे.”

लोक पुढं म्हणाले, शालननं नवऱ्यासाठी अंगाचं कातडं दिलं. दिलं खरं. पण त्या वेळी माझ्या मनात एवढंच होतं की भावजींचं कातडं त्यांच्या छातीला लागणार, तर मधे मी पाहिजे. वरून का होईना, गळून पडेपर्यंत का होईना.

सोललेली जागा कशी दुखते ते मला त्या आठवड्यात कळलं. वरचा थर गेलेला आणि नसा सगळ्या उघड्या. लुगड्याचा काठ लागला तरी जीव जायचा. भावजींचंही तेच. व्हरांड्यात एकीकडून ते आणि दुसरीकडून मी, दोघंही पाय फाकवून बदकासारखी चालत यायचो आणि सासू आम्हाला बघून एकदा रडता रडता हसली होती.

छातीवरची मोठी पट्टी उघडायच्या दिवशी मी डॉक्टरांकडं हट्टानं आत जायची परवानगी मागितली. ज्योतीराम शुद्धीवर होते. छातीवर माझं कातडं होतं, पण काळं पडलेलं, कडेनं सुटत आलेलं. डॉक्टरांनी चिमट्यात धरून उचललं आणि ते ओल्या कागदासारखं अलगद निघून आलं. खालची जागा गुलाबी होती, सलग. जाळीची भोकं बुजली होती.

डॉक्टर एवढे खूश झाले की त्यांनी चिमटा तसाच हातात धरून मला सांगितलं, “बघा बाई! ह्याच्या आडोशाला ती वाढली. तुमच्या कातड्याचं काम झालं.”

आणि त्यांनी ते तसराळ्यात टाकलं.

ज्योतीरामांनी मान उचलून छातीकडं पाहिलं. “कुनाचं हाय हे?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या भावाचं,” डॉक्टर म्हणाले.

ज्योतीराम हसले. भाजल्यापासून पहिल्यांदा हसले. तसराळ्यात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. थोड्या वेळानं भावजी आले आणि हळूच, एक बाजू टेकवत, दुसऱ्या टोकाला बसले. उद्या सकाळी पोटासाठी पुन्हा त्यांचं कातडं काढायचं होतं, ह्या वेळी पाठीवरून.

“वैनी, एक सांगू?”

“सांगा.”

“तुमचा दंडावरचा तुकडा काळा पडला, तवा मला बरं वाटलं.”

मी त्यांच्याकडं पाहिलं. तेच तोंड, तेच जाड ओठ, तीच भुवई. नवराच बोलतोय असं वाटावं.

“मी खिडकीकडं तोंड केलं, कारण मला हसू आवरंना.”

“मला वाटलं तुम्ही रडताय.”

“न्हाई. पयल्यांदा तुमचाबी तुकडा लाल झाला न्हवं, त्या रोजी मी जेवलो न्हाई. म्हटलं, हितंबी आली ही.”

समोर कुणीतरी डबा धूत होतं, त्याचा आवाज येत होता.

“आईच्या पोटात सुदिक आमी दोगं हुतो,” भावजी म्हणाले. “एका घोंगड्यात निजलो. तुमचं लगीन झालं त्या रोजी मला गुऱ्हाळावर झोपाय लावलं. मी मधनंच उठून घरला आलो, तर दार बंद. रोज उघडं असायचं ते. तुमी आलासा आनि दार लावून घेतलंसा.”

वर्षभर हा माणूस माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोलला नव्हता, आणि आता बोलला तो हे बोलला. माझ्या मांडीची आग होत होती. आत तसराळ्यात माझं कातडं पडलं होतं.

“मी नाही लावलं,” मी म्हणाले. “त्यांनी लावलं.”

भावजींनी मान वळवली. “काय?”

“दार. मी तर कोपऱ्यात बसले होते, मला कुठं ठाऊक तुमच्या घरचं दार उघडं असतं का बंद? त्यांनी उठून लावलं. कडीसुद्धा घातली.”

ते भिंतीचा आधार घेऊन उठले आणि पाय फाकवत निघून गेले.

सकाळी सासू धापा टाकत आली. “शालन, केदार खाटंवर न्हाई. दाक्तर बोलवाल्यात आनि त्येचा पत्त्या न्हाई.”

मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेले, चहाच्या टपरीवर पाहिलं, स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्यावर पाहिलं. पोटाची जागा अजून उघडी होती. भावजी निघून गेले असते तर ती कुणाच्या कातड्यानं झाकली असती? माझं तर चालत नव्हतं. परत येताना ज्योतीरामांच्या खोलीचं दार किलकिलं दिसलं, आणि आतून आवाज आला. एकाच आवाजात दोघं बोलत होते.

“त्या रोजी दार तू लावलंस?”

“कवा?”

“लग्नाच्या रोजी.”

“लावलं की. बायकू हुती न्हवं आत.”

“कडी घातलीस?”

“घातली आसंल. का?”

मी दाराच्या फटीतून पाहिलं. भावजी खाटेच्या कडेला टेकून उभे होते. मला आत एकदम हलकं झाल्यासारखं वाटलं. बायको होती आत. त्यांच्याच तोंडून, त्यांच्या भावाच्या तोंडावर. हे शब्द मला पुन्हा पुन्हा ऐकायचे होते.

तेवढ्यात ज्योतीराम म्हणाले, “पर तवापास्नं मला नीट झोप न्हाई बग.”

“का रं?”

“तुजं घोरनं ऐकू येत न्हाई. भिंतीपलीकडनं कसलं येतंय? लई येळा वाटलं, उठून यावं तुज्याकडं. मग वाटायचं, ती काय म्हनंल.”

भावजी हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हातांना अजून पट्ट्या म्हणून ते दंडानं पुसत राहिले. “मुडद्या,” ते म्हणाले, “यायचं हुतंस की.”

मग दाराकडं वळले तर समोर मी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच नजर चुकवली नाही. “चला वैनी,” ते म्हणाले, “दाक्तर ओरडत आसंल. पाठ सोलून घ्याची हाय.”

पोटावरचंही धरलं. उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही ज्योतीरामांना घरी आणलं. त्यानंतरच्या लग्नसराईत भावजी लग्नाला उभे राहिले, ज्याच्यासाठी सासूनं वर्षभर देव पाण्यात घातले होते. मधल्या भिंतीच्या पलीकडं त्यांचा संसार, अलीकडं आमचा. आम्हाला दोन मुलं झाली. गुऱ्हाळावर दोघं पुन्हा समोरासमोर उभे राहायला लागले. चांगलंच झालं सगळं.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या छातीवर हात ठेवला तेव्हा त्यांना कळलंच नाही. ते दुसरीकडं बघत बोलत राहिले. डॉक्टर म्हणाले होते, नसा कडेकडेनं आत येतात, वेळ लागतो. भावजींच्या कातड्याला माझा हात कळायला वर्ष लागलं. तोवर मी दंडावरून, पाठीवरून हात फिरवायची, जिथं ते माझ्या ओळखीचे होते. छातीवर केस आले नाहीत. उन्हात काम करून आले की सगळं अंग घामानं निथळायचं आणि गळ्याखाली तेवढी मोठी चौकट कोरडी ठणठणीत. मी टॉवेल देताना ती चौकट मला दिसायची. माझ्या मांडीवर फिकट पट्टा उरलाय, एवढंच.

भावजी गेल्या दिवाळीआधी गेले. सकाळी चहा पिऊन ओट्यावर बसले होते, तिथंच कलंडले. ज्योतीराम रडले नाहीत. अग्नी देऊन आले, आंघोळ केली आणि उघड्या अंगानं परड्यात जाऊन बसले. पुढचे कितीतरी दिवस मी बघत होते, ते बसले की उजवा हात आपोआप छातीवर जायचा. चोळायचे नाहीत, दाबायचे नाहीत. नुसता ठेवायचे, झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा. तिकडं भावजींची राख पंचगंगेत सोडून झाली होती, आणि इथं ह्यांच्या तळव्याखाली ते ऊबदार होते.

एका दुपारी मी शेजारी जाऊन बसले. मला राहवलं नाही.

“एक विचारू?”

“इचार.”

“मी गेल्यावर हात कुठं ठेवाल?”

त्यांना कळलं मी काय विचारतेय. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला एवढं पटकन कधी समजून घेत नसे. ते परड्यातल्या शेवग्याकडं बघत बसले. जागा शोधत असावेत, दंडावर, पाठीवर, कुठं माझं काही राहिलंय का ते.

“मग मीच आदी जातो की,” ते शेवटी म्हणाले.

अगदी मनापासून म्हणाले. पण म्हणतानाही हात काही त्यांनी छातीवरून काढला नाही.